वाट मोडू नये म्हणून

रतनवाडीहून घाटमाथ्यानं भीमाशंकरपर्यंत चालायला येणारा नवा माणूस आधी गडांची नावं विचारतो. रतनगड, हरिश्चंद्रगड, जीवधन, ढाकोबा, दुर्ग अशी नावं मी सांगते आणि मग वही उघडून पाणी सांगायला बसते. रतनवाडीत गावची विहीर. कात्राबाईच्या खिंडीकडे चढताना दिवाळीपर्यंत ओढा वाहता, होळीनंतर कोरडा. कुमशेतला पाणी आहे. तिथून उतरलं की मुळा नदी, मग पेठेची वाडी, पाचनई. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या टाक्यांत बारमाही. तोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरलं की सगळ्या बाटल्या भरून घ्यायच्या, कारण माळशेजचा डांबरी रस्ता ओलांडून नाणेघाटाकडे निघाल्यावर पुढची खात्रीची टाकी घाटाच्या तोंडाशीच. मुक्काम कुठं, जेवण कुठं, सकाळी किती वाजता निघायचं, हे सगळं या यादीवरून ठरतं. एक लिटर पाणी म्हणजे पाठीवर एक किलो. ऊन तापायला लागल्यावर माणशी चार लिटर धरले की सॅकमधून जादाचे कपडे आपोआप बाहेर निघतात.

माझा व्यवसायच हा. राहते लालबागला, आणि पावसाळा सरल्यापासून होळीच्या पुढंमागं उन्हं तापेपर्यंत सहा-आठ जणांचे लहान गट घेऊन सह्याद्रीच्या रांगांतून दिवसचे दिवस चालते. एका दिवसात गड चढून संध्याकाळी बसमध्ये बसण्याच्या ट्रेकला मी नावं ठेवत नाही, अनेकांची सुरुवात तिथूनच होते. पण रेंज ट्रेकमध्ये माणसाला वाडीत राहावं लागतं, परक्याच्या चुलीवरचं खावं लागतं, रोज नव्या माणसाला वाट विचारावी लागते. माझं सगळं काम त्या विचारण्याभोवती आहे.

ते मी शिकले गिरगावात. तिथल्या एका चाळीत राहणाऱ्या सरांकडे आम्ही पोरंपोरी दर आठवड्याला जमायचो. मुंबईत डोंगर चढणाऱ्यांच्या अशा बैठकांची परंपरा जुनी आहे. गिरिविहार ही संस्था १९५४ सालची. तिनं पुढं १९८८ साली कांचनगंगेची मोहीम काढली. सरांच्या खोलीत एवढं मोठं काही शिजत नव्हतं. तिथं ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलेले सर्वेक्षण खात्याचे नकाशे होते, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेल्या नोंदी: या ओढ्याचं पाणी जानेवारीनंतर नाही, इथं आग्या मोहोळ, अत्तर-अगरबत्ती चालणार नाही, या घरी रात्री उशिरा गेलं तरी दार उघडतात. सरांचा एक नियम होता. ज्या घरी जेवलो त्या घरातल्या मुलांची नावं वहीत लिहायची आणि पुढच्या वेळी ती मुलं कितवीत आहेत ते विचारायचं. आम्हाला तेव्हा ते फार साधं वाटायचं. पुढं हेच माझं भांडवल झालं.

लांबच्या चालीची निम्मी मेहनत मुंबईतच होते. निघण्याआधीचे चार दिवस घरात चालायला जागा नसते. तांदूळ आणि मूगडाळ मापानं एकत्र करून, त्यात हळद-मीठ-जिरं घालून, एका जेवणाची एक अशा पिशव्या बांधायच्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर. लालबागच्या चिवडा गल्लीतून भाजक्या पोह्यांचा चिवडा, कारण तळलेला पोटाला जड जातो आणि तहान वाढवतो. मसाला गल्लीतून घरच्या कोकणी मसाल्याची पुडी. आमच्या घरी सुका जवळा भाजून, लसूण-मिरची घालून केलेली चटणी असते. ती आठवडाभर टिकते आणि तिसऱ्या दिवशी, जेव्हा कुणालाच जेवावंसं वाटत नाही, तेव्हा शाकाहारी सोडून सगळ्यांना तीच हवी असते. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या. मग औषधं, जलसंजीवनीच्या पुड्या, पायाच्या फोडांसाठी चिकटपट्टी, सुई-दोरा, सॅकची तुटकी बक्कलं. प्रत्येकाची सॅक मी ताणकाट्याला लटकवून बघते. बारा किलोच्या वर गेली की मालकासमोर उघडून ठेवते आणि काय काढायचं ते त्यालाच ठरवायला लावते.

सगळं रेशन पाठीवर न्यायचं नसतं. मधल्या गावी आधीच पोचवावं लागतं, आणि इथं लालबाग-दादरला राहण्याचा मोठा फायदा होतो. मुंबईचे डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं तेही याच डोंगराच्या पुण्याकडच्या उतारावरची माणसं गोळा करून. आज दादर स्टेशनाबाहेर डबे लावणाऱ्यांत मला दुर्गच्या, आहुप्याच्या बाजूचं कुणी ना कुणी भेटतं. त्यातलं कुणी शनिवारी गावी निघालं की माझी एक गोणी त्याच्याबरोबर जाते. गोणीवर मी नाव घालत नाही. ज्या घरी द्यायची त्या घरच्या म्हातारीचं नाव सांगितलं की पुरतं. आजवर अशी एकही गोणी हरवलेली नाही. दुपारचे डबे ज्या हातांनी पोचतात त्याच हातांनी ती पोचते.

मग फोन. वाडीतल्या माणसाशी बोलायचं तर तो रेंजमध्ये यावा लागतो. कुणाच्या घरी फक्त ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात आवाज पोचतो, कुणी संध्याकाळी गुरं घेऊन सड्यावर आला की त्याला फोन लागतो. या वेळा मला पाठ आहेत. जेवायला किती माणसं, भाकरी तांदळाची की नाचणीची, सोबत वाटाड्या कोण येणार, त्याला किती द्यायचे. पैशांचं बोलणं मी इथूनच, निघण्याआधी, मोकळेपणानं उरकते. डोंगरात पोचल्यावर दमलेल्या माणसांसमोर घासाघीस करणं दोन्ही बाजूंना अपमानाचं आहे, असं माझं मत आहे.

निघायचं ते रात्री, दादरहून शेवटच्या कसारा लोकलनं. त्या गाडीत बार-हॉटेलांतले वेटर असतात, रात्रपाळीचे वॉचमन, आसनगाव-आटगावला राहून रोज मुंबईत येणारे कामगार. कल्याणनंतर डबा रिकामा होत जातो आणि झोपायला बाक मिळतो. कसाऱ्याला उतरतो तेव्हा पहाटेचे तीन वाजत आलेले असतात. स्टेशनाबाहेर जीपवाले उभे असतात. घाट चढून इगतपुरी-घोटीच्या बाजूनं आम्ही भंडारदऱ्याकडे वळतो आणि उजाडताना रतनवाडीत, अमृतेश्वराच्या देवळासमोर असतो. तिथून मागं बघितलं तर कळसूबाईची रांग, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच १,६४६ मीटरचं शिखर, आणि त्याला लागून अलंग, मदन, कुलंगचे सरळ कापलेले कडे.

पहिला दिवस शहरातून आणलेल्या शरीराचा असतो. माणसं बोलत असतात, फोटो काढत असतात, मोबाइलला रेंज आहे का बघत असतात. दुसऱ्या दिवशी सगळं दुखतं. खांदे सॅकच्या पट्ट्यांनी सोललेले, नडग्या कारवीच्या काटक्यांनी ओरखडलेल्या, उतारावर अंगठ्याची नखं बुटाला टेकून काळी पडलेली. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर काहीतरी बदलतं. गट शांत होतो. पावलं एका लयीत पडायला लागतात, कोण कुणाच्या मागं चालणार हे न सांगता ठरतं, पाण्याला थांबायचं तेव्हाच सगळे थांबतात. माणसाला आपल्या शरीराचा नेमका अंदाज आलेला असतो. मला या कामातला हा भाग फार प्रिय आहे. चाळिशी-पन्नाशीची, ऑफिसात खुर्चीवर बसून वाकलेली माणसं तिसऱ्या दिवशी ताठ चालताना मी बघते आणि प्रत्येक वेळी मला तितकाच आनंद होतो.

दिवसाचा क्रम ठरलेला. उजाडायच्या आत चहा, ऊन चढायच्या आधी मोठा चढ. अकरा ते तीन सावलीत, शक्यतो पाण्याजवळ. मग संध्याकाळपर्यंत पदरातली आडवी चाल. अंधार पडायच्या आत वाडी. रात्रीचं चालणं मी टाळते. घसाऱ्यावर टॉर्चच्या उजेडात पाऊल चुकलं तर खाली शंभर-दोनशे मीटर मोकळी हवा असते, आणि घाटमाथ्यावरून जखमी माणूस खाली आणायला कसलेल्या पंधरा-वीस जणांना पूर्ण दिवस लागू शकतो. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांची बचाव समन्वयाची यंत्रणा आहे, तिच्यातली मुलं आपली कामं सोडून रात्री-अपरात्री धावतात. त्यांच्यावर ती वेळ आणू नये हे माझ्यासारखीचं पहिलं कर्तव्य आहे.

पण या सगळ्याहून कठीण असतं ते वाट सापडणं. ऑक्टोबरमध्ये गवत छातीएवढं वाढलेलं असतं. कारवीचं रान दोन पावसाळ्यांत वाट गिळून टाकतं. डोंगरात ढोरवाटा शेकडो असतात, आणि गुरांच्या पायांनी मळलेली प्रत्येक वाट माणसाच्या वाटेसारखीच दिसते. अर्धा तास चालल्यावर ती एखाद्या झुडपाशी संपते. वाटाड्या कोयता घेऊन पुढं असतो. मोबाइलमधला ट्रॅक मीही ठेवते, तो उपयोगी आहे, पण दरड कोसळून गेल्या पावसात नाळेचं तोंड बदललंय हे मोबाइलला माहीत नसतं. ते सांगतो गुराखी.

वाट मोडली, असं इथली माणसं म्हणतात. अमक्या घाटानं आता जाता येणार नाही, वाट मोडली. गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी फार ऐकते. घाटमाथ्याच्या प्रत्येक गावाला खाली कोकणात उतरणारी एक तरी वाट होती. नाणेघाट तर सातवाहनांपासूनचा. राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आहे आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून वाटेच्या कडेला आहे. बाकीच्या वाटांना असा लेख नाही. त्या हिरडा, तूप, तांदूळ डोक्यावर घेऊन मुरबाडच्या बाजाराला उतरणाऱ्या बायकांनी, गुरांनी, वऱ्हाडांनी राखल्या. आणि राखल्या मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसांनी.

आहुप्याच्या अलीकडं एका वाडीत मुक्काम होता तेव्हाची गोष्ट. जेवणं झाली होती. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, ‘‘मुंबईत कुठं ऱ्हाता, ताई?’’

‘‘लालबागला.’’

‘‘भारतमाता थेटराच्या अलीकडं का पलीकडं?’’

मी सांगितलं. मग त्यांनी गल्लीचं नाव घेतलं, कोपऱ्यावरच्या खाणावळीचं नाव घेतलं, आणि त्या खाणावळीत महिन्याचे किती पैसे पडायचे तेही. मिलमध्ये साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले, मग कायम झाले. गावच्या गाळ्यात वीस-पंचवीस जण राहायचे. पाळी बदलली की एकाच्या पथारीवर दुसरा झोपायचा. शिमग्याला गावी येताना कल्याणपर्यंत रेल्वे, मुरबाडच्या पुढं जमेल त्या वाहनानं, आणि मग आहुप्याचा घाट रात्रीतून चढायचा. ‘‘पोरांना खाऊ घेतलेला आसायचा, हात मोकळा नसायचा. चांदणं बघूनच रजा काढायचो.’’ १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते असेच घाट चढून घरी आले. अडीच लाख गिरणी कामगारांच्या त्या संपाचा शेवट कधी झालाच नाही. बाबा परत गेले नाहीत. त्यांची मिल कुठली ते त्यांनी सांगितलं. तिच्या जागेवर आता उंच इमारत आहे, ती माझ्या गॅलरीतून दिसते. मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘चिमणी ठेवलीय का?’’

माझे वडील संगमेश्वरकडचे, तेही गिरणीतच होते. आमचं नातं कोकणाशी. या घाटावरच्या मावळाशी आमचं काही नातं नाही असंच मी मोठी होईपर्यंत समजत होते. पण रांगेतून चालताना कळत गेलं की परळ-लालबागच्या चाळींत शेजारी शेजारी राहिलेली माणसं या डोंगराच्या दोन्ही उतारांवरून आली होती. ती ये-जा पायांनी चालली होती तोवर वाटा धडधाकट होत्या. आता गावोगाव डांबर पोचलं, जीप पोचली, आजारी बाईला डोलीतून उतरवावं लागत नाही, आणि हे फार चांगलं झालं. कुणी पायी उतरावं म्हणून रस्ता होऊ नये असं म्हणणाऱ्या हौशी भटक्यांशी मी भांडते. पण रस्ता झाला की दहा वर्षांत घाटवाट रानात जाते, हेही खरं. आता ती राहायची तर आमच्यासारख्यांच्या पायांनीच.

म्हणूनच एकाच जागी होणाऱ्या गर्दीचा मला त्रास होतो. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला एका शनिवारी येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांत काजवे दिसत नाहीत, त्यांच्या मिलनाचा काळ नासतो, आणि पैसा दोन-चार गावांत अडकतो. तीच माणसं लहान गटांनी रांगेत पसरली तर रोज एका वाडीत एक जेवण, एक वाटाड्या, एक मुक्काम. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालचं आहे. तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना शेती थोडी, पाऊस चार महिने, नंतर रोजगार नाही. दिवसाला वाटाड्याला मिळणारे पैसे शहराच्या हिशेबात किरकोळ वाटतील. त्या घरात त्यातून मुलीची एसटीची आणि वसतिगृहाची सोय होते, हे मी वहीत लिहिलेल्या नावांवरून बघत आले आहे.

भीमाशंकरहून परतीची एसटी आणि पुढं कल्याणहून लोकल. परळला उतरल्यावर पहिले दोन दिवस मला शहराचा वेग सहन होत नाही, भूक मात्र राक्षसी असते. बूट धुणं, तंबू गॅलरीत वाळवणं, हिशेब, फोटोंच्या प्रती काढून त्या त्या घरी पाठवणं. मोबाइलवर फोटो पाठवला तरी छापलेल्या फोटोची वाट बघणारी घरं आहेत. तो देव्हाऱ्याशेजारी लागतो.

आणि मग माझ्या शहरातल्या दिवसांचं खरं काम सुरू होतं, ज्याची मी सुरुवातीला कल्पनाही केली नव्हती. परळमध्ये केईएम आहे, १९२६ सालचं. टाटा हॉस्पिटल आहे, १९४१ सालचं. डोंगरातल्या गावात आजार तालुक्याच्या पलीकडं गेला की तो बऱ्याचदा परळला येतो. पहाटे फोन वाजतो. ‘‘ताई, रातच्याला निघालो. दादरला उतरलोय. आता कुठं?’’ ज्यानं मला कात्राबाईच्या खिंडीत, धुक्यात हात धरून आडव्या वाटेवर काढलं, तो माणूस दादर स्टेशनाच्या पुलावर सामान छातीशी धरून उभा असतो आणि त्याला कुठल्या जिन्यानं उतरायचं ते समजत नसतं.

मी जाते. या कामाचीही मी वही केली आहे. कुठल्या दारानं आत जायचं, केस पेपर किती वाजता मिळायला लागतो, कुठल्या वारी कुठली ओपीडी. मूळ शिधापत्रिका आणि आधार कार्ड आणलं आहे का, कारण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव घालायचं तर ती लागतात, आणि ती गावी विसरली तर दोन दिवस जातात. समाजसेवकांच्या खोलीत आधी जाऊन बसायचं. तपासणीला लांबची तारीख मिळाली तर परत गावी जायचं की इथं थांबायचं, याचा हिशेब आधी मांडायचा. कॅन्सरचे उपचार महिनोन् महिने चालतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं टाटाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना थोड्या पैशांत राहता-जेवता येतं. तिथं जागा नसली तर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक पथारी पडते. चाळीत कुणी काही म्हणत नाही. गावच्या गाळ्यांची सवय असलेली चाळ आहे ती.

हॉस्पिटलच्या रांगेत मी त्यांच्याशी तसंच वागते जसं ते डोंगरात माझ्याशी वागतात. घाई करत नाही. पुढं काय येणार ते एका वेळी थोडंच सांगते. संपूर्ण चढ आधीच दाखवला की माणूस खचतो, हे त्यांनीच मला शिकवलं. एकदा एका वाटाड्याच्या बायकोला घेऊन दिवसभर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो. संध्याकाळी तिला चहा पाजला तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुमच्यात लई वाटा हायेत, आन् एक बी सरळ जात नाय.’’ त्या दिवसापासून मी नव्या रुग्णाला घेऊन आले की आधी एक फेरी मोकळी मारते. हा जिना, हे रक्ताचं केंद्र, हा परत यायचा दरवाजा. दुसऱ्या दिवशी ती माणसं एकटी जाऊ शकतात.

पाण्याचं मात्र मला असं काही करता आलेलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलेलं आहे. रतनगडाच्या माथ्यावर उभं राहिलं की पूर्वेकडं पडलेला पाऊस प्रवरेत जातो, गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. पश्चिमेकडचं पाणी शहापूर तालुक्यात उतरतं. मुंबईच्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा ही दोन मोठी धरणं शहापुरातच आहेत, आणि शहराच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा एकट्या भातसाचा. आमच्या चाळीत पहाटे नळ येतो तो या डोंगराचा पाऊस घेऊन. आणि त्याच तालुक्यात, आजोबा डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांतून, मार्चपासून टँकरची वाट बघतात. उन्हाळ्यात रेकीला गेले होते तेव्हा रात्री दोनच्या सुमाराला हंड्यांच्या आवाजानं जाग आली. बायका विहिरीवर चालल्या होत्या, कारण दिवसभर उपसलेल्या विहिरीत रात्री थोडं पाणी झिरपून साठतं. मीही एक हंडा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. खालच्या पायरीवर बसून एक बाई वाटीनं पाणी भरत होती. हंडा भरायला लागला तेवढ्या वेळात लालबागला माझ्या मजल्यावरची पिंपं भरून वाहू लागतात.

माझ्या प्रत्येक गटाला मी ही विहीर दाखवते. घरात मीटर नाही, पाणीपट्टी चाळीच्या भाड्यात जाते, अशा शहरातल्या माणसानं ते एकदा बघावं. वाडीत आम्ही हात-पाय धुवायला विहिरीचं पाणी वापरत नाही. ताटं राखेनं घासून पुसतो. आणि ज्या वाडीत टँकर सुरू झाला तिथला मुक्काम त्या मोसमापुरता बंद करतो, मग चाल एका दिवसानं वाढली तरी चालेल.

एप्रिलमध्ये चैत्राच्या जत्रांसाठी डबेवाले पाच-सहा दिवस सुटी घेतात. मुंबईला त्या आठवड्यात जेवणाची आपली आपण सोय करावी लागते. दादरहून, लोअर परळहून, चर्चगेटहून सगळी तरणी माणसं एकदम गावी परततात. मोडलेली वाट पुन्हा काढायची तर हाच आठवडा, कारण तेव्हा गावात कोयता चालवायला हात असतात, गवत वाळून बसलेलं असतं आणि कारवीची पानं गळून कड्याचा उतार स्पष्ट दिसतो. यंदा दुर्गपासून आहुप्यापर्यंतचा पट्टा घ्यायचा आहे. मधल्या एका नाळेच्या माथ्यावर दरड आली आहे, तिथं वरच्या पदरातून वळसा काढता येतो का ते बघायचं. चार कोयते, दोन पहारी, खुणेसाठी चुन्याची पिशवी असं सामान लागेल. मजुरी रोजची ठरवली आहे. त्यातली निम्मी मी या मोसमाच्या फीमधून बाजूला काढली आहे, बाकीची गिरगावच्या जुन्या मित्रमंडळींनी जमवली.

पुढं चालणार आहे तो माणूस दादरला डबे लावतो. त्याच्या बायकोचे उपचार परळला चालू आहेत, आणि पुढची तारीख जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची लागली आहे. त्या दिवशी तिच्याबरोबर हॉस्पिटलात मी थांबणार, तो वाटेवर जाणार, आणि तिसऱ्या दिवशी मी कल्याणहून माळशेजमार्गे एसटीनं जुन्नरला पोचून त्यांना गाठणार, असं आमचं दोघांचं ठरलं आहे.